ई-वाचक यंत्रे व मराठी भाषा

ई-वाचक यंत्रे व मराठी भाषा : पुस्तकाचा मजकूर विद्युत् संकेतांच्या रूपात साठवून तो कागदासदृश पडद्यावर वाचावयास देणाऱ्या हातात मावणाऱ्या यंत्रास ई-वाचक म्हणतात. अशा यंत्रावर मराठी मजकूर शुद्ध स्वरूपात उमटावा, त्यात शब्द शोधता यावेत, शब्दकोशाचे साह्य मिळावे आणि अक्षरांची वळणे मराठी वाचकाच्या डोळ्यास परिचित असावीत, यांसाठी यंत्राची व पुस्तकाची जी भाषिक सिद्धता करावी लागते, तिचा इतिहास व तीत उद्भवणारे दोष यांचे विवेचन येथे केले आहे. हा प्रश्न वरवर पाहता नवा आहे. वस्तुतः परभाषेसाठी घडविलेले प्रत्येक यंत्र मराठी मुलखात आले, तेव्हा तो कोणत्या ना कोणत्या रूपाने उभा राहिला आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे या दृष्टीने चांगले उदाहरण होय. वऱ्हाडातील कापसाची ही मोठी बाजारपेठ १८७० मध्ये जलंबहून काढलेल्या छोट्या फाट्याने लोहमार्गाशी जोडली गेली व त्या फाट्याचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याने केले. तारायंत्रही तेथे पोहोचले होते. त्याच वर्षी समुद्राखालील तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली आणि सुएझ कालवा आदल्याच वर्षी खुला झाला होता. त्यामुळे लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने तारेने मागणी नोंदवावी आणि सु. सहा आठवड्यांत कापूस तेथील धक्क्यावर उतरावा, अशी स्थिती निर्माण झाली. हा सर्व संदेशव्यवहार रोमन अक्षरांवर बेतलेल्या मॉर्सच्या संकेतांनी चाले. वऱ्हाडातील महसुली दप्तर आणि सावकारी वह्या मोडीत लिहिल्या जात. त्या मोडीला तारेत स्थान नव्हते. म्हणजे भाव कळे, पण तो परक्या अक्षरांतून कळे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. यंत्राने आपली लिपी लादावयाची की भाषेने यंत्रास वळवावयाचे, हा तिच्या आरंभकाळातला प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

मुद्रण व टंकलेखन : मराठीने यंत्रास वळविण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न मुद्रणात केला. श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी याने १८०५ मध्ये मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापले व १८१० मध्ये आपल्या कोशासाठी मोडीचे खिळे वापरले. मुंबईत अमेरिकन मिशन मुद्रणालयातील टॉमस ग्रॅहॅम याने आणि पुढे निर्णयसागरचे जावजी दादाजी (१८३९–९२) व त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी देवनागरी खिळ्यांना जे सौष्ठव दिले, त्यातून ‘मुंबई वळण’ म्हणून ओळखली जाणारी घडण स्थिर झाली. अ, झ, ण, ल, श ही अक्षरे आणि काही अंक यांत ही घडण उत्तरेकडील घडणीहून वेगळी होती. हा भेद पुढे ई-वाचकांच्या पडद्यावर पुन्हा भेटतो, म्हणून तो ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

मात्रा, वेलांट्या, रफार व जोडाक्षरे यांमुळे देवनागरीच्या खिळापेटीत शेकडो घरे लागत. ही संख्या कमी करण्याच्या खटपटीतूनच लिपिसुधारणेच्या चळवळीस बळ मिळाले. वि. दा. सावरकरांनी पुरस्कारलेली अ-ची बाराखडी, १९३० नंतरच्या दशकात हरी गोविल यांनी अमेरिकेत लायनोटाइपसाठी केलेली देवनागरीची जुळणी, ही त्याची उदाहरणे होत. १९५३ च्या लखनौ परिषदेने तर ह्रस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या डावीकडून काढून उजवीकडे, आखूड दंडाने दाखवावी, अशी शिफारस केली होती. अ, झ, ण यांची मुंबई वळणे मान्य करण्याची या परिषदेची सूचना रुजली. वेलांटीची सूचना मात्र लोकांनी स्वीकारली नाही आणि ती लवकरच मागे पडली. यंत्राला जड जाते म्हणून लिहिण्याची रीत बदला, हा युक्तिवाद वाचकांना मानवला नाही, हे योग्यच झाले. पुढे यंत्रेच इतकी समर्थ झाली, की त्या तडजोडीची गरज उरली नाही. या सर्व घडामोडींचा विस्तृत आढावा बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांवरील आपल्या १९७१ च्या त्रिखंडात्मक इंग्रजी ग्रंथात घेतला आहे.

टंकलेखन यंत्रात अवघ्या चाळीस-पंचेचाळीस कळांवर लिपी बसवावी लागल्याने अक्षरांचे तुकडे करणे अपरिहार्य झाले. अर्धे अक्षर, त्यापुढे काना, मागाहून रफार अशा तुकड्यांनी शब्द उभा करण्याची सवय कार्यालयांतील लेखनिकांच्या बोटांत मुरली. संगणक आल्यावर हीच तुकड्यांची कल्पना त्यात शिरली आणि तिने मोठा गोंधळ केला.

संगणकातील मराठी : भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मूलभूत कार्य कानपूर येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेत झाले. तेथील देवनागरी संगणक १९८३ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात दाखविण्यात आला. या कार्यातील मोहन तांबे व त्यांचे सहकारी पुढे पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्रात (सी-डॅक) आले व तेथे ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित झाले. १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट हा कळफलक आणि १९९१ मध्ये इस्की ही भारतीय मानक संकेतावली निश्चित झाली. इस्कीमागील विचार अत्यंत मौलिक होता : संगणकाने अक्षराचा आकार साठवू नये, वर्ण साठवावा; आकार कसा काढावयाचा ते दाखविणाऱ्या यंत्रणेने पाहावे. ‘कि’ या अक्षरात वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण उच्चारात क आधी व इकार नंतर येतो. साठवण उच्चाराच्या क्रमाने व्हावी.

व्यवहारात मात्र याच्या नेमके उलट घडले. मुद्रणालये, वृत्तपत्रे व टंकलेखन केंद्रे यांना हवी होती ती तत्काळ छपाई. त्यांनी श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव इ. टंकांचा (फाँट) आश्रय घेतला. या टंकांत रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. कृतिदेव टंकात ‘मराठी’ हा शब्द प्रत्यक्षात लहान ई, लहान जे, लहान के, मोठा बी व लहान एच अशा पाच रोमन अक्षरांनी साठविला जातो. टंक काढून घेतला की पडद्यावर उरतात ती ही पाच निरर्थक अक्षरे. शिवाय प्रत्येक टंकाची घरे वेगळी. १९९० च्या सुमारापासून पंधरा-वीस वर्षांत मराठीत संगणकावर जुळविलेल्या मजकुराचा फार मोठा भाग अशा परस्परविसंगत सांकेतिक रूपांत अडकून पडला. कागदावर छापलेले पुस्तक वाचता येते, पण त्याची मूळ धारिका वाचता येत नाही, अशी विलक्षण अवस्था त्यामुळे आली. ई-वाचकासाठी जुनी पुस्तके सिद्ध करताना प्रकाशकास पहिली झुंज द्यावी लागते ती याच वारशाशी. रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत. तथापि जोडाक्षरे व रफार यांत त्या चुकतात व सबंध पुस्तक पुन्हा तपासावे लागते.

ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक संकेतावलीने देवनागरीसाठी इस्कीची मांडणी पायाभूत मानली. २००० साली आलेल्या विंडोज २००० या प्रणालीत मराठीचा स्वतंत्र भाषा म्हणून समावेश झाला आणि र. कृ. जोशी (१९३६–२००८) या सुलेखनकार अभिकल्पकाने रेखाटलेला ‘मंगल’ हा टंक तीत देण्यात आला. राज्य शासनानेही पुढे आपल्या कार्यालयांत युनिकोड व इन्स्क्रिप्ट यांचा आग्रह धरला. मोडी लिपीचा अंतर्भाव युनिकोडमध्ये २०१४ साली झाला. वऱ्हाडातील जुने दप्तर मोडीतच लिप्यंतरित करून संगणकात साठविणे त्यामुळे शक्य झाले आहे.

मराठीची स्वतंत्र गरज : देवनागरी म्हणजे हिंदी, असे गृहीत धरून यंत्रे घडविली गेल्यामुळे मराठीची जी हानी झाली, ती ‘वऱ्हाड’ या एका शब्दावरून स्पष्ट होते. यातील र हा रफार नसून आडव्या लपेटीचा अर्धा र आहे. मराठीत हा भेद केवळ शोभेचा नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोलगट भाग. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस व ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यास. हिंदीत या चिन्हाची गरज नसल्याने प्रारंभीच्या अनेक यंत्रांनी त्याची दखल घेतली नाही व ‘वर्हाड’ असे रूप सर्रास उमटू लागले. एका संपूर्ण विभागाचे नाव त्याच विभागातील वाचकास चुकीचे वाचावे लागावे, ही गोष्ट क्षुल्लक म्हणता येणार नाही.

युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. पहिल्या प्रकारात नुक्तायुक्त ऱ (संकेत ०९३१) व त्यापुढे हलन्ताचे चिन्ह येते. दुसऱ्यात साधा र, हलन्त व त्यापुढे अदृश्य असे जोडचिन्ह. नुक्तायुक्त ऱ मुळात द्राविड भाषांतील एका वर्णाच्या लिप्यंतरासाठी ठेवलेला होता. मराठीने तो आपल्या कामास लावला. दोन्ही प्रकारांनी पडद्यावर दिसणारे अक्षर एकच असले, तरी यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द असतात. परिणामी एका रीतीने लिहिलेले ‘वऱ्हाड’ दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडत नाही. असाच घोळ ‘ॲ’ या स्वराबाबत आहे. त्याला स्वतंत्र संकेत (०९७२) २००८ मध्ये मिळाला. तत्पूर्वीच्या मजकुरात तो अ-वर चंद्र देऊन, म्हणजे दोन संकेतांनी लिहिलेला आढळतो. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ॲ व ऑ यांना वर्णमालेत स्थान दिले आणि ल व श यांची मराठी वळणे निश्चित केली.

ल व श यांची कथा वेगळ्या स्वरूपाची आहे. दोन पाकळ्यांचा व वर देठ असलेला मराठी ल आणि उजवीस उभा दंड असलेला हिंदी ल यांना युनिकोडमध्ये एकच संकेत आहे आणि ते तत्त्वतः बरोबर आहे, कारण वर्ण एकच आहे. कोणता आकार काढावयाचा, याचा निर्णय टंकाने मजकुराच्या भाषेवरून घ्यावयाचा असतो. आधुनिक टंकांत यासाठी भाषानिहाय पर्यायी आकार ठेवण्याची सोय आहे. मजकूर मराठी आहे असे यंत्रास सांगितले असेल व टंकात मराठी आकार असतील, तरच मराठी ल उमटतो. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल, तरी हिंदी ल उमटतो. मराठी व हिंदी एका लिपीत नांदविण्याचा प्रश्न वऱ्हाडला अनोळखी नाही. १९५६ पर्यंत हा भाग ज्या मध्य प्रदेश राज्यात होता, त्याने १९५० च्या अधिनियमान्वये हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषा मानले होते. तेथे निदान कागदावर तरी कोणती भाषा आहे, हे माणसाला वाचून कळत असे.

ई-वाचकांचे आगमन : विद्युत् शाईच्या पडद्याचे पहिले व्यापारी वाचकयंत्र सोनी कंपनीने २००४ मध्ये जपानात आणले. ॲमेझॉनचे किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत निघाले; भारतात इन्फीबीम या कंपनीचे ‘पाय’ हे यंत्र २०१० मध्ये आले आणि किंडलचे भारतीय ग्रंथदालन २०१२ मध्ये उघडले. आरंभीची यंत्रे रोमन लिपी गृहीत धरून केलेली होती. त्यामुळे मराठी ई-पुस्तके बराच काळ पीडीएफ या स्वरूपात प्रसृत झाली. या स्वरूपात प्रत्येक आकाराची जागा पक्की केलेली असते, म्हणून अक्षरे मोडत नाहीत. परंतु मोठ्या कागदासाठी मांडलेले पान सहा इंची पडद्यावर सूक्ष्म दिसते आणि अक्षर मोठे केल्यास ओळी पडद्याबाहेर जातात. ज्यांची दृष्टी मंद झाली आहे अशा वाचकांना ई-वाचकाचा खरा लाभ अक्षर मोठे करण्यात असतो, आणि मराठी वाचक नेमका त्यालाच मुकला. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके अधिकृतपणे मिळू लागली, तेव्हा ही अडचण बऱ्याच अंशी दूर झाली.

दोष व त्यांचे निराकरण : ई-वाचकावर मराठी नीट दिसत नसल्यास प्रथम यंत्राची भाषा व पुस्तकाची भाषा यांत फरक केला पाहिजे. सूचना व याद्या ज्या भाषेत दिसतात, ती यंत्राची भाषा. ती बदलल्याने पुस्तकातील अक्षरे सुधारत नाहीत आणि ती इंग्रजी असली, तरी मराठी पुस्तक शुद्ध दिसू शकते. बहुसंख्य वाचक यंत्राच्या मांडणीत जाऊन भाषा बदलत राहतात आणि दोष तसाच राहतो, तो या दोहोंची गल्लत झाल्यामुळे.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील, तर यंत्रात देवनागरी टंक नाही, असे समजावे. पुस्तकाच्या धारिकेतच टंक अंतर्भूत करून आणि वाचताना ‘प्रकाशकाचा टंक’ हा पर्याय निवडून तो दोष जातो. परंतु अक्षरे दिसतात आणि ‘किल्ला’ या शब्दातील वेलांटी क-च्या उजवीस तुटक वर्तुळावर बसलेली आहे, जोडाक्षराऐवजी पाय मोडलेला ल सुटा उभा आहे, असे असेल, तर टंक बदलून उपयोग नाही. येथे उणीव आहे ती वर्णांपासून अक्षर जुळविणाऱ्या अंतर्गत आज्ञावलीची. लखनौ परिषदेला जी वेलांटी यंत्रास जड वाटली, तीच ही वेलांटी. या दोषावर यंत्राची आज्ञावली अद्ययावत करणे हाच उपाय होय. यंत्र फार जुने असून तसे अद्यतन उपलब्ध नसल्यास लहान पानावर नव्याने मांडलेली पीडीएफ प्रत वापरणे एवढेच हाती राहते. रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसल्यास मजकूर जुन्या टंकातील आहे, हे उघड आहे. असा मजकूर वाचकाने यंत्रावर दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. तो मुळातच युनिकोडमध्ये रूपांतरित केला पाहिजे.

याहून सूक्ष्म, आणि म्हणूनच अधिक काळ न कळणारा, दोष भाषानिर्देशाचा आहे. ईपब या स्वरूपाच्या प्रत्येक पुस्तकात त्याची भाषा नोंदविणे आवश्यक असते. मराठीचा आंतरराष्ट्रीय संकेत ‘एम आर’ असा आहे. प्रकाशक किंवा रूपांतरकार ही जागा पुष्कळदा इंग्रजीच ठेवतो, नाहीतर तीत हिंदीचा संकेत घालतो. अक्षरे दिसतात, म्हणून चूक कोणाच्या ध्यानात येत नाही. तथापि ल व श हिंदी वळणाचे उमटतात, मजकूर मोठ्याने वाचणारा यंत्राचा आवाज च व ज यांचे दंततालव्य उच्चार चुकवितो, आणि शब्दावर बोट ठेवताच हिंदी शब्दकोश उघडतो. तो ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न असे सांगेल. मराठी शिकणाऱ्या परदेशस्थ मुलास ही माहिती निव्वळ दिशाभूल करणारी ठरते. धारिकेतील हा एक संकेत दुरुस्त केल्यास यांपैकी बहुतेक दोष एकदम नाहीसे होतात, बशर्ते टंकात मराठी आकार आणि यंत्रावर मराठी शब्दकोश असेल.

मराठी शब्दकोश यंत्रात घातला, तरी दुसरी अडचण राहते. मोल्सवर्थचा कोश (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७) संगणकीय रूपात उपलब्ध आहे, पण त्यात ‘पाणी’ सापडते, ‘पाण्यापासून’ सापडत नाही. मराठीत नामाचे सामान्यरूप होते व त्यास प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये चिकटून येतात. ‘दऱ्यांमधून’ या शब्दापासून ‘दरी’पर्यंत पोहोचण्यास यंत्राला व्याकरण शिकवावे लागते. इंग्रजीसाठी हे काम थोड्या नियमांनी भागते. मराठीसाठी ते भाषाभ्यासकाचे काम आहे आणि त्याकडे यंत्रे विकणाऱ्यांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

खामगाव परिसरातील बोली वऱ्हाडी होय. भाषासंकेतांच्या आंतरराष्ट्रीय यादीत वऱ्हाडी-नागपुरी या नावाने तिची वेगळी नोंद आहे. परंतु पुस्तकाच्या धारिकेत तो संकेत घातल्यास टंकातील मराठी आकार आणि मराठी शब्दकोश दोन्ही दुरावण्याचा संभव असल्याने, प्रकाशकाने मराठीचाच संकेत ठेवणे आज व्यवहार्य आहे. उद्धव शेळके यांच्या धग (१९६०) या कादंबरीपासून वऱ्हाडी बोली मराठी साहित्यात ठळकपणे वावरत आली आहे. या बोलीत ळ-च्या जागी य येतो व ‘काळा’ हा शब्द ‘काया’ असा उच्चारला आणि लिहिला जातो. ई-वाचकावर त्या शब्दाला स्पर्श केला असता प्रमाण मराठीचा कोश अर्थ देतो तो ‘शरीर’ असा.